मालवणातलं जंपर वाचून लावणारं दुकान, आमच्या वजनकाट्याचा पंचवीस वर्षांचा कॉम्प्युटर वाचला

पाचपैकी पाच स्टार देतोय आणि का देतोय ते नीट लिहितो, कारण आपल्याकडे मोबाईल रिपेर करणारे गल्लोगल्ली आहेत पण जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड समोर ठेवला की सगळे एकच बोलतात, भंगारात टाका आणि नवीन घ्या.

आमचा कसालच्या पुढे हायवेला वजनकाटा आहे. चिऱ्याच्या गाड्या, खडी, वाळू, कधी भंगारवाले, सीझनला काजू बी. वडिलांनी काटा टाकला तेव्हाचाच कॉम्प्युटर आजही आहे, पेंटियम एमएमएक्स २३३ प्रोसेसरवाला, डॉस म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर चालणारा वजनाचा प्रोग्रॅम आणि तीन कॉपीची पावती मारणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. काट्याच्या खालच्या लोड सेलवरून वजन इंडिकेटरवर येतं आणि इंडिकेटरवरून सिरीयल केबलने कॉम्प्युटरला. लोक विचारतात बदलत का नाही. प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो माणूस आता नाही, सगळी जुनी गिऱ्हाईकं, गाडी नंबर, रिकाम्या गाडीचं वजन सगळं त्यातच आहे, आणि मुख्य म्हणजे ते चालतं. चालणारी वस्तू मला टाकवत नाही.

तर झालं असं की जूनमध्ये पाऊस लागला आणि पावतीवर तारीख १ जानेवारी १९८० यायला लागली. चालू करताना एफ१ दाबा म्हणून थांबायचा. बॅटरी संपली एवढंच, सीआर२०३२ नावाची बटणासारखी बॅटरी असते ना तीच, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड म्हणून २०३२, तीन व्होल्टची. मी स्वतः बदलली असती पण गाडीवाल्यांशी तारखेवरून रोज वाद चाललेले, वेळ नव्हता, म्हणून जवळच्याच एका कॉम्प्युटरवाल्याचा मुलगा बोलावला. मुलगा वाईट नव्हता. बॅटरी बदलली, मग बोलला आत खूप धूळ आणि हिरवट साचलंय, साफ करून देतो, आणि साफ करताना त्याने बोर्डावरच्या त्या बारीक काळ्या टोप्या उपटल्या, सगळ्या नाही, सहा-सात असतील, आणि नंतर अंदाजाने परत बसवल्या. दोन उरल्या त्या काडेपेटीत घालून माझ्या हातात दिल्या, बोलला एक्स्ट्रा आहेत. कॉम्प्युटर चालू केला तर पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. बीप पण नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो जंपर म्हणजे काय, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. बोर्डावर दोन नाहीतर तीन पिनांच्या ओळी असतात, पिनांमधलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर, आणि त्यावर बसणारी प्लॅस्टिकची टोपी, टोपीच्या आत धातूची क्लिप. टोपी बसवली की दोन पिना जोडल्या जातात, काढली की तुटतात, बस एवढंच. घरातलं बटण समजा, फक्त ते एकदाच दाबून ठेवायचं असतं. आताच्या बोर्डांना ह्यातलं बरंचसं बायॉसमध्येच, म्हणजे चालू होताना बोर्ड स्वतः चालवतो त्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्येच होतं, पण तेव्हाच्या बोर्डांना प्रोसेसर किती स्पीडला चालणार, त्याला किती व्होल्ट मिळणार हे सगळं ह्या टोप्या सांगतात. म्हणजे एक टोपी एका घराने सरकली तर प्रोसेसर जळू शकतो, आणि ही गोष्ट त्या मुलाला माहीत नव्हती ह्याचा मला आजही राग येतो.

दोन ठिकाणी नेला. एकाने हातही लावला नाही, सरळ नवीन सिस्टिमचं कोटेशन दिलं. दुसऱ्याने दोन दिवस ठेवला आणि बोलला बोर्ड गेला. मग आमच्याकडे चिरा आणणाऱ्या एका ड्रायव्हरने सांगितलं की मालवणात एक काका आहेत, त्यांनी मच्छीवाल्यांच्या बर्फाच्या फॅक्टरीतलं जुनं मशीन चालू करून दिलेलं, त्यांना दाखवा.

दुकान भरडवरून बाजारपेठेत उतरताना आहे, खाली काजू आणि खाजाचं दुकान, बाजूने लाकडी जिना वर जातो. पाटी नाही. वर एकच खोली, एका भिंतीला फळ्या आणि त्यावर जुने बोर्ड उभे लावलेले, जशी घरात ताटं लावतात तसे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. समुद्र जवळ म्हणून खिडकी बंद आणि टेबलाच्या वर साधा बल्ब पेटता. काका बोलले, खारा वारा पिनांना खातो, खिडकी उघडी टाकली तर पावसाळ्यात महिनाभरात पिना काळ्या पडतात.

कॅबिनेट उघडलं, टॉर्च मारली, आणि पहिला प्रश्न, “हो जंपर कोणी काढल्यान?” मी काडेपेटी पुढे केली. ते काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही टोप्या टेबलावर ठेवल्या आणि चौकटीची वही काढली, शाळेत गणिताला असते तीच. आणि बोर्डावर जिथे जिथे पिना होत्या त्या सगळ्या वहीत काढल्या, जे२, जे३, जेपी५ असं बोर्डावर छापलेलं नाव बाजूला लिहून, कुठली टोपी कुठे आहे ते पेन्सिलने काळं करून. अर्धा तास ह्यातच गेला. मी बोललो काका चालू करून बघूया का एकदा, तर बोलले, “आधी वाचूया, मगे हात लावूया. घाय करू नको, ही चिप आता गावाची नाय.” म्हणजे आता मिळायची नाही.

ह्याच एका गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय. बाकीच्या सगळ्यांनी आधी स्विच दाबला होता.

पहिली चूक त्यांना तिथेच सापडली. बॅटरीच्या बाजूला तीन पिना होत्या, सीएमओएस, म्हणजे बॅटरीवर टिकणारी बायॉसच्या सेटिंगची मेमरी, क्लिअर करायच्या. १-२ वर टोपी असली की नॉर्मल, २-३ वर टाकली की बायॉसच्या सेटिंग पुसल्या जातात, तेही वीज पूर्ण काढून, थोडा वेळ ठेवून परत १-२ वर आणायची असते. त्या मुलाने ती २-३ वर बसवून सोडून दिली होती आणि हा बोर्ड तशा अवस्थेत चालूच होत नाही. आणि पिन नंबर एक कुठची ते कसं ओळखायचं हे पण दाखवलं, एका टोकाला जाड रेघ नाहीतर बारीक त्रिकोण छापलेला असतो, आणि छापील पुसलं गेलं असेल तर बोर्ड उलटा करायचा, पाठीमागे पहिल्या पिनेचं सोल्डर बऱ्याच बोर्डांवर चौकोनी असतं, बाकीच्यांचं गोल. आमच्या बोर्डाचं छापील अर्धं त्या हिरवटाखाली गेलेलं, त्यामुळे उलटा करूनच बघावं लागलं.

दुसरी चूक जास्त घातक होती. एमएमएक्स जातीच्या पेंटियमला आतला व्होल्टेज २.८ लागतो आणि बाहेरच्या भागाला ३.३, दोन वेगळे. त्याआधीच्या साध्या पेंटियमला एकच, ३.३ च्या आसपास. बोर्ड दोन्ही जातींना चालतो म्हणून जंपरने सांगायचं असतं की कुठला बसवलाय. आमच्या बोर्डावर टोप्या साध्या पेंटियमसाठी लावलेल्या होत्या, म्हणजे २.८ वाल्याला ३.३ चालला होता. काकांनी प्रोसेसर काढला, उलटा करून मला दाखवला, खाली बारीक अक्षरात २.८ व्होल्ट छापलेलं आहे, मी पंचवीस वर्षं त्या मशीनसमोर बसलो आणि मला माहीत नाही. मग प्रोसेसर बाहेर ठेवूनच बोर्डाला वीज दिली आणि मीटर लावला, खरंच ३.३. वीज काढली, टोपी बदलली, परत मीटर, २.८. मग प्रोसेसर आत. माझ्या छातीत धडधडत होतं सांगतो.

वीज जोडताना अजून एक गोष्ट. ह्या जुन्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लायचे दोन वेगळे कनेक्टर बोर्डाला लागतात, पी८ आणि पी९, आणि ते उलटसुलट बसू शकतात. दोघांच्या काळ्या वायर मधोमध एकमेकांना चिकटून आल्या पाहिजेत, नाहीतर बोर्ड जागच्या जागी संपला. काका प्रत्येक वेळी बोट लावून बोलायचे, काळ्याला काळी.

मग स्पीडचे जंपर. हे मला सगळ्यात आवडलं म्हणून थोडं लांबवतो. प्रोसेसरचा स्पीड दोन आकड्यांच्या गुणाकाराने येतो, बोर्डाचा बस स्पीड, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा वेग, ६६ मेगाहर्ट्झ आणि त्याला गुणायचा आकडा. १३३ चा पेंटियम म्हणजे ६६ गुणिले २, १६६ चा म्हणजे अडीच, २०० चा म्हणजे ३. हा गुणक सांगायला प्रोसेसरला बीएफ० आणि बीएफ१ अशा दोन पिना, त्यामुळे जंपर दोनच आणि दोन टोप्यांच्या चारच जोड्या होतात, दोन्ही घातलेल्या, दोन्ही काढलेल्या, नाहीतर एक-एक. आता आमचा २३३ चा, म्हणजे साडेतीन पाहिजे, आणि बोर्डावरच्या छापील तक्त्यात साडेतीन नाहीच, दीड, दोन, अडीच, तीन एवढंच. मी बोललो मग हा बोर्ड ह्या चिपचा नाहीच का. तर काका बोलले दीडवर ठेव. एमएमएक्सच्या २३३ वाल्या चिपला आतूनच असं बनवलंय की बोर्डाने दीड सांगितलं की ती साडेतीन समजते, कारण एवढ्या वेगवान चिपला दीडने कोणी चालवणारच नाही, म्हणून ती रिकामी जागा साडेतीनला वापरली. पुढे एएमडी कंपनीच्या के६-२ चिपमध्येही असंच केलेलं, तिथे दोन सांगितलं की चिप सहा समजते, म्हणून ६६ च्या बोर्डावर ४०० चा प्रोसेसर चालवता आला. कागदावर दीड आणि चालणार साडेतीन, हे ज्याला माहीत नाही तो जन्मभर तक्त्यात साडेतीन शोधत बसेल.

लगेच पूर्ण स्पीडला नाही लावला हां. आधी बस ६० वर ठेवला, म्हणजे ६० गुणिले साडेतीन २१०, तसा चालू केला. एक बीप आली आणि स्क्रीनवर मेमरी मोजायला लागला. मी उभाच राहिलो. एक तास तसाच चालू ठेवून काका हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरवरच्या उष्णता घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, बोट लावून बघत होते, मग बंद करून ६६ वर नेला.

पण काम संपलं नव्हतं. घरी आणून काट्याला जोडला तर प्रोग्रॅम सुरू पण वजन येईना, इंडिकेटरवर १२ टन आणि स्क्रीनवर शून्य. दुसऱ्या दिवशी परत कॅबिनेट गाडीत टाकून मालवण. हा भाग वाचा नीट कारण जुनी मशीनं असणाऱ्या बऱ्याच जणांना हाच त्रास असणार. आमच्या बोर्डावरचा सिरीयल पोर्ट पूर्वी कधीतरी विजेच्या कडकडाटात गेलेला, म्हणून वडिलांनी बोर्डाच्या खाचेत बसणारं, दुसरा सिरीयल पोर्ट देणारं आयएसए कार्ड घालून घेतलं होतं. त्या कार्डावरही जंपर असतात, पोर्ट कॉम१ म्हणून चालणार का कॉम२, पत्ता कुठला आणि आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाईन, कुठली. कॉम१ ला ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम२ ला २एफ८ आणि आयआरक्यू ३. कार्ड कॉम१ वर लावलेलं आणि बोर्डावरचा मेलेला पोर्ट बायॉसमधून बंद केलेला, म्हणून इतकी वर्षं ठीक. बॅटरी संपली, वर सीएमओएस क्लिअर झालं, त्यामुळे बायॉस मूळ सेटिंगवर गेलं आणि तो मेलेला पोर्ट परत चालू झाला. आता एकाच पत्त्यावर दोन पोर्ट, एक जिवंत एक मेलेला. काकांनी कार्डाचे जंपर बघितले, बोलले हे बरोबर आहेत, ह्यांना हात लावायचा नाही, आणि बायॉसमध्ये जाऊन बोर्डावरचा पहिला सिरीयल पोर्ट बंद केला. पाच मिनिटांचं काम. त्यांच्याकडे तपासायला दुसरं मशीन होतं, त्याच्यावरून केबलने आकडे पाठवून आमच्या स्क्रीनवर येतात हे दाखवलं, मगच कॅबिनेट बंद.

ह्या दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. मी द्यायला गेलो तर बोलले पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं वजन कुठल्या पोर्टवरून येतं, ते माझ्याकडून राहिलं.

एकूण खर्च १,४०० रुपये. त्यात पिना साफ करणं पण आलं, हे सांगायलाच पाहिजे, कारण निम्मं दुखणं तिथेच असतं. टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकेक पीन. आणि जुन्या टोप्यांच्या आतली क्लिप सैल होते, दिसायला बसलेली पण आत टेकत नाही, म्हणून चार टोप्या बदलल्या, मेलेल्या हार्ड डिस्कच्या मागे मास्टर-स्लेव्हच्या जंपरला असतात त्या काढून. डबाभर ठेवल्यात त्यांनी. आमच्या बोर्डाला बटण बॅटरी आहे हे नशीब असंही बोलले, त्याच्या आधीच्या बोर्डांना पिंपासारखी सोल्डर केलेली निकेल कॅडमियमची बॅटरी असायची, ती फुटली की आतला अल्कली बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो, आणि आपल्या दमट हवेत तर विचारू नका. तसे दोन बोर्ड त्यांच्या फळीवर आहेत, एकाच्या रेषा त्यांनी पातळ वायरने परत जोडल्यात, भिंगाखाली.

मी तिथे बसलेलो असताना आलेली दोन गिऱ्हाईकं सांगतो म्हणजे अंदाज येईल. एक मुलगा बोर्ड घेऊन आला, मागच्या जॅकमधून आवाजच येत नाही, साऊंड गेला बोलला. काकांनी विचारलं पुढच्या ऑडिओच्या पिनांवर दोन जंपर होते ते काढलेस का. काढलेले, फालतू वाटले म्हणून. त्याच्याकडच्यासारख्या बऱ्याच बोर्डांवर पुढचा पॅनल जोडलेला नसेल तर ५-६ आणि ९-१० वर टोप्या ठेवाव्या लागतात, आवाज तिथून फिरून मागे जातो. दोन टोप्या घातल्या, आवाज आला, वीस रुपये. दुसरे होमस्टेवाले, कॉम्प्युटरला बायॉस पासवर्ड पडलेला, आधीच्या मॅनेजरने टाकलेला आणि तो सोडून गेला. जंपरने सीएमओएस क्लिअर केलं की अशा बोर्डांचा पासवर्ड जातो, दोन मिनिटं लागतात. पण काका बोलले आधी मशीनचं बिल दाखवा. बिल घरी होतं. त्यांना तारकर्लीला परत जाऊन बिल आणावं लागलं, जरा चिडले, पण मला हे फार पटलं. उद्या माझं मशीन चोरून कोणी तिथे नेलं तर तो माणूस पासवर्ड काढून देणार नाही.

आता अडचणी, त्या पण असल्या पाहिजेत रिव्ह्यूमध्ये. फोन उचलत नाहीत, उचलला तर नशीब. दुपारी एक ते चार बंद. घरी येत नाहीत, मशीन तुम्हालाच न्यायचं, आणि तो जिना पावसात निसरडा होतो, कॅबिनेट घेऊन चढताना एक माणूस सोबत ठेवा. मला सहा दिवस लागले, सहा दिवस मी हाताने पावत्या लिहिल्या आणि गाडीवाल्यांची लाईन हायवेपर्यंत. एखादा पार्ट मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवायचा असेल तर अजून उशीर. बिल मागितलं तरच देतात. लॅपटॉप आणि मोबाईल घेतच नाहीत, ते सरळ सांगतात बाजूला दाखवा. गणपतीत आणि आंगणेवाडीच्या जत्रेला बंद असतं, त्यामुळे त्या दिवसांत जाऊ नका. तेवढा एक स्टार कापावा असं आधी वाटलेलं, पण सहा दिवस लागले ते वाचण्यात गेले हे मी डोळ्याने बघितलंय, म्हणून नाही कापत.

नेण्याआधी तुमच्याकडून एक करा. काही बिघडलेलं नसेल तेव्हाच कॅबिनेट उघडून सगळ्या जंपरचे फोटो काढून ठेवा, सरळ वरून, तिरका नको, तिरक्या फोटोत १-२ का २-३ ते कळत नाही. आणि मॅन्युअल घरात कुठे पडलेलं असेल तर ते शोधून सोबत न्या, आमचं माळ्यावर होतं आणि मला कसालला परत आल्यावर सापडलं, आधी नेलं असतं तर काकांचा एक दिवस वाचला असता.

चौकटीच्या वहीतलं ते चित्र त्यांनी परत स्वच्छ काढून दिलं, शाईने, प्रत्येक जंपरसमोर ‘का’ ते पण लिहून, आणि खाली ‘बॅटरी बदलल्यावर बायॉसमध्ये पहिला सिरीयल पोर्ट बंद करणे’ अशी ओळ. ते आता कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावलंय. काडेपेटीतल्या दोन टोप्यांपैकी एक व्होल्टेजच्या जागेवर गेली, दुसरी खरंच जास्तीची निघाली. ती त्यांनी बोर्डावरच्या एका पिनेवर नुसती अडकवून ठेवलीय, एकाच पिनेवर असली की काहीच जोडलं जात नाही म्हणून. निघताना बोट दाखवून बोलले, “ती थंयच आसूंदे, उद्या तुका गरज लागात.”